मूळचे कुठले? फेसच्या गल्लीपासून गाविलगडाच्या दरवाजापर्यंत

(नांदगाव खंडेश्वर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘प्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही व्याख्याता नाही. याच गावात वाढलो, इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. बोलायची सवय आहे ती ऑनलाइन मीटिंगमधली. तिथं पाच मिनिटांच्या वर कोणी बोललं की लोक गुपचूप कॅमेरा बंद करतात. तुम्हाला ती सोय नाही, म्हणून मी जपून बोलेन.

सुरुवात होस्टेलपासून करतो. पहिल्या वर्षी एका मुलानं विचारलं, “कुठला रे तू?” मी म्हणालो, “नांदगाव खंडेश्वर.” तो म्हणाला, “ते कळलं रे. पण मूळचे कुठले तुम्ही लोक?”

तो मुलगा वाईट नव्हता. आजही माझा दोस्त आहे. पण त्या प्रश्नावर मी गप्प झालो. रात्री घरी फोन केला, अब्बांना विचारलं. ते म्हणाले, “आपण इथलेच. दुसरं कुठं आहे आपलं?” माझं समाधान झालं नाही. मला काहीतरी मोठं उत्तर पाहिजे होतं, समोरच्याचं तोंड बंद होईल असं.

ते मला यूट्यूबवर सापडलं. स्पेनमधला मुस्लिम काळ, अंदलुस. कुर्तुब्याची मशीद, गरनात्याचा अलहम्रा. रात्र रात्र जागून व्हिडिओ पाहिले. मोबाइलच्या स्क्रीनवर अलहम्राचा फोटो लावला. बघा, आपलं असं होतं! हे ‘आपलं’ म्हणजे नेमकं कोणाचं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर असे फोटो असतात ते मला माहीत आहे, हसू नका. मीही त्यातलाच होतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं मोरोक्कोला जायची संधी आली. काम कॅसाब्लांकाला होतं. शनिवार-रविवार मोकळा मिळाला. रेल्वेनं चारेक तासांत फेसला पोचलो. स्पेन नाही तर नाही, निदान अंदलुसची माणसं जिथं येऊन राहिली ते शहर तरी पाहू, असा विचार होता.

फेसचा जुना भाग म्हणजे तिथली मदिना. गल्ल्या इतक्या अरुंद की चारचाकी शिरूच शकत नाही. सामान गाढवावर नाहीतर खेचरावर. मागचा माणूस ओरडत येतो, “बालाक! बालाक!” मी दोनदा वळून पाहिलं, कोणाचं बालक हरवलं म्हणून. तिसऱ्यांदा खेचराचा धक्का बसला तेव्हा अर्थ कळला. बाजूला हो, सांभाळ, असं ते सांगत होते.

या शहराची गोष्ट अशी. आठव्या शतकाच्या शेवटी आणि नवव्याच्या सुरुवातीला इद्रिसी राजांनी नदीच्या दोन काठांवर हे शहर वसवलं. सन ८१८ मध्ये कुर्तुब्याच्या एका उपनगरातल्या लोकांनी तिथल्या अमीराविरुद्ध बंड केलं. बंड मोडलं गेलं आणि हजारो कुटुंबांना देशोधडीला लावलं. त्यातली बरीच कुटुंबं फेसला आली आणि नदीच्या उजव्या काठावर वसली. त्या भागाला आजही अंदलुसी मोहल्ला म्हणतात. डाव्या काठावर आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरातून आलेले लोक राहिले. म्हणजे दोन्ही काठांवर बाहेरून आलेलेच. परंपरा असं सांगते की, कैरवानहून आलेल्या एका घरातल्या दोन बहिणींनी दोन मशिदी बांधल्या. फातिमा अल-फिहरीनं ८५९ मध्ये करवीय्यीन आणि मरियमनं अंदलुसी मशीद. करवीय्यीन ही जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक मानली जाते. पुढं १४९२ मध्ये गरनाता पडलं, तेव्हा पुन्हा माणसं आली. त्या वर्षी स्पेनमधून घालवून दिलेले ज्यूही आले.

आता एक लक्षात घ्या. पहिल्या वेळी ज्यांनी या लोकांना हाकललं तो राजा मुसलमानच होता. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

माझ्याबरोबर वाट दाखवायला साठीचे एक चाचा होते. त्यांच्या आडनावातच ‘अंदलुसी’ होतं. मी खूश झालो. विचारलं, “म्हणजे तुम्ही मूळचे स्पेनचे?” होस्टेलवरचा प्रश्न आता माझ्याच तोंडातून निघाला होता. ते म्हणाले, “घरात तसं सांगतात. केव्हा आलो त्याचा कागद नाही. मी फासी आहे.” फासी म्हणजे फेसचा माणूस. मी पुन्हा म्हणालो, “पण मूळचे?” त्यांनी उत्तर दिलं नाही. जवळच्या चौकात तांब्याची भांडी ठोकत बसलेल्या कारागिरांकडे बोट केलं, गल्लीतल्या कारंज्याच्या फरशांकडे बोट केलं, आणि म्हणाले, “हे आम्ही करतो.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुझ्या गावाजवळ जुनं काय आहे?”

मी म्हणालो, “ताजमहाल.”

“घरापासून किती लांब?”

मी मनात हिशोब केला. आठ-नऊशे किलोमीटर तरी. ते हसले. “तो तुझ्या गावाजवळ नाही. तुझ्या गावाजवळ काय आहे?”

दोस्तहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या गावाच्या नावातच खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, ज्याच्या दगडी खांबांमागं मी लपाछपी खेळलो, ते देऊळसुद्धा मला त्या क्षणी आठवलं नाही. मला जुनं म्हणजे फक्त लांबचं माहीत होतं.

सुट्टीत घरी आलो. फेसचे फोटो दाखवत बसलो. नानीनं सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, “इत्ती दूर जाके ये देखा. गाविलगड देखा क्या रे कभी?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “मैं देखी. तेरे नाना ले गए थे, बैलगाड़ी से.”

नानी चौथी शिकलेली. मी इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी अम्मी, नानी आणि मामेभाऊ यांना गाडीत घातलं आणि निघालो. नांदगावहून अमरावती, तिथून अचलपूर-परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. कॅसाब्लांकाहून फेसला जायला लागतो त्याहून कमीच.

वाटेत अचलपूरला थांबलो. आपण अचलपूर ओळखतो ते बाजारामुळं, शकुंतला रेल्वेमुळं, नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या लग्नामुळं. पण हेच जुनं एलिचपूर १४९० ते १५७४ या काळात एका स्वतंत्र राज्याची राजधानी होतं. बहमनी राज्य फुटलं तेव्हा दख्खनमध्ये पाच शाह्या निघाल्या. विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि पाचवी आपल्या वऱ्हाडची इमादशाही. शाळेत पाचही नावं पाठ केली होती. पण पाचवी आपल्याच घरची आहे हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शहराबाहेर हौज कटोरा पाहिला. गोल हौज, त्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, मजल्यावर मजला, कमानीवर कमान. वरचे मजले आता राहिलेले नाहीत. अम्मी म्हणाली, “एवढ्या जवळ होतं आणि आपण लग्नाचं जेवून परत जात होतो!”

मग गाविलगड. नावावरूनच कळतं, मुळात ही गवळ्यांची जागा. त्यांची इथं मातीची गढी होती असं मानतात. पुढं १४२५च्या सुमारास अहमदशाह बहमनीनं दगडी किल्ला उभा केला. १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती आणि वाढ केली ती फतहुल्ला इमादुल्मुल्कनं. दोनच वर्षांनी यानंच इमादशाही सुरू केली.

आता या फतहुल्लाचं ऐका, कारण यासाठीच मी हे सगळं बोलतोय. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की, हा विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरातला मुलगा. लढाईत लहानपणीच पकडला गेला. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या चाकरीत वाढला, मुसलमान झाला, पराक्रमानं वर चढला आणि शेवटी स्वतःच वऱ्हाडचा सुलतान झाला. म्हणजे ज्याच्या नावानं आपल्या भागाची बादशाही सुरू झाली, तो अरबस्तानातून आला नव्हता, इराणमधून आला नव्हता. तो होता दक्षिणेतला एक पोर, ज्याचं घर सुटलं होतं.

गाविलगडाच्या दरवाजाशी उभं राहून वर पाहा. तिथं दोन तोंडांचा एक पक्षी कोरला आहे, गंडभेरुंड. त्यानं हत्ती धरून ठेवलेत. असाच गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवर सापडतो. अभ्यासक या पक्ष्याचा संबंध फतहुल्लाच्या मूळ मुलखाशी लावतात. कोरून घेताना त्याच्या मनात काय होतं, हे दगड सांगत नाही. पण मी त्या दरवाजाखाली बराच वेळ उभा होतो. मला फेसचा उजवा काठ आठवत होता. तिथल्या लोकांचं घर सुटलं, आणि त्यांनी आठवण नव्या गावाच्या भिंतीत घातली. इथंही तेच झालेलं दिसत होतं. फरक एवढाच की फेसच्या पोराला ते माहीत आहे आणि नांदगावच्या पोराला माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी नरनाळा पाहिला. अकोट तालुक्यात, शहानूर गावावरून वर चढावं लागतं. तिथला महाकाली दरवाजा फतहुल्लानंच १४८७ मध्ये बांधला. पांढरट दगड, कमळाची नक्षी, पुढं आलेले झरोके आणि कोरलेली अक्षरं. त्यातला एक लेख बांधणाऱ्याचं नाव, राज्य कोणाचं आणि साल सांगतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये बदल केला की खाली एक ओळ लिहितो, कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. ती ओळ नसेल तर पुढचा माणूस डोकं धरून बसतो. मी तो लेख पाहिला आणि वाटलं, या माणसानं सव्वापाचशे वर्षांपूर्वी आपल्यासाठी ओळ लिहून ठेवली. वाचायला आपण गेलोच नाही.

आणि पुन्हा पाहा, दरवाजाचं नाव काय? महाकाली. त्यावर अरबी-फारसी अक्षरं, बाजूला कमळं. नाव कोणी दिलं, अक्षरं कोणी कोरली, कमळ कोणाचं, असं वेगळं वेगळं काढायला गेलात तर दरवाजाच शिल्लक राहणार नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही बाहेरून आलात. आपण चिडतो. चिडण्याआधी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला एकदा जाऊन या. महानुभाव पंथाचं ते मोठं क्षेत्र. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याला मान देतो तो ‘लीळाचरित्र’ तिथं सिद्ध झाला. तो ज्यांच्या आठवणींचा आहे ते चक्रधर स्वामी, परंपरेप्रमाणे, गुजरातेतल्या भडोचचे. म्हणजे मराठी गद्याची सुरुवात ज्यांच्या बोलण्यापासून झाली तेही बाहेरून आलेले. त्यांना कोणी विचारतं का, मूळचे कुठले? विचारत नाही, कारण त्यांनी इथं काय दिलं ते लोकांना पाठ आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा दोष आहेच. पण आपण काय दिलं ते आपल्यालाच पाठ नाही, हा दोष आपला आहे.

आता एक कडू गोष्ट. गाविलगडावर माझ्या मामेभावानं रील काढली. मागं जोरदार गाणं, खाली ओळ, ‘कभी हमारी बादशाहत थी.’ मी त्याला म्हणालो, “काढून टाक.” तो नाराज झाला. “भाई, तुमच दिखाने लाए!”

मी त्याला विचारलं, “हमारी म्हणजे कोणाची? नाना काय करायचे?” नाना पिंजारी होते. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजया भरून द्यायचे. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, बौद्धांच्या, मारवाड्यांच्या, सगळ्यांच्या. या भागातली दोन पिढ्यांची माणसं आमच्या नानांनी पिंजलेल्या कापसावर झोपली. बादशाहत आमच्या घरात कधीच नव्हती. १४८८ मध्ये आमचं कोणी इथं असलंच तर ते गडावर दगड चढवत असेल, तख्तावर बसलेलं नसेल.

बादशहाच्या नावावर छाती फुगवली की दोन नुकसानं होतात. एक, त्या बादशहाच्या चुकांचा हिशोबही आपल्याकडे मागितला जातो. दुसरं, आणि हे मोठं, आपले खरे पूर्वज आपण लपवतो. पिंजारी, मोमीन, बागवान, अत्तार, मण्यार, शेतमजूर. ज्यांनी विणलं, पिंजलं, विकलं, बांधलं. फेसमध्ये त्या चाचांनी मला सुलतानाचा महाल आधी दाखवला नाही. भांडी ठोकणारे दाखवले.

भावानं रील काढून टाकली. दुसरी काढली. त्यात नानी दरवाजाकडे बोट करून सांगते, “ये देखो, दो मुंह का पंछी.” ती जास्त लोकांनी पाहिली, हे मुद्दाम सांगतो.

गाविलगडाचा शेवटही माहीत असू द्या. १५७४ मध्ये इमादशाही अहमदनगरनं गिळली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला, पुढं गड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनं तो घेतला. गड राखताना किल्लेदार बेनीसिंग आणि त्याची माणसं मारली गेली. गवळ्यांनी सुरू केलेला, बहमनींनी बांधलेला, इमादशाहीनं वाढवलेला गड शेवटी एका राजपुतानं मराठ्यांसाठी इंग्रजांशी लढवला. आता सांगा, हा गड कोणाचा?

मला वाटतं, जो त्याची देखभाल करतो त्याचा. आणि आज त्या कसोटीवर आपण सगळेच नापास आहोत. भिंतींवर बदामात नावं कोरलेली आहेत, त्यात राहुलही आहे आणि इम्रानही. तलावात पाण्याच्या बाटल्या तरंगतात.

म्हणून भाषण संपवताना चार कामं सांगतो. मोठी नाहीत.

एक. जाऊन पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. गाविलगड आणि नरनाळा, दोन्हीकडे मेळघाटचं जंगल आहे. वन विभागाचे नियम पाळा, अंधार पडायच्या आत खाली या.

दोन. कोरलेल्या लेखांचे फोटो काढा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यावर खडू, तेल, पाणी काही लावायचं नाही, त्यानं दगड खराब होतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठून दिसतात. फोटो घेऊन फारसी जाणणाऱ्या मौलानांकडे जा. गावात मोडी वाचणारे कोणी गुरुजी असतील तर जुन्या कागदांसाठी त्यांच्याकडे जा. दोघांना एका चहावर बसवता आलं तर फारच चांगलं.

तीन. म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोणता धंदा होता, कोणत्या गावांना जायचे, कोणती जत्रा, कोणता उरूस. माझ्या नानांचा आवाज माझ्याकडे नाही. धनुकलीचा तो टणत्कार मला आठवतो, पण ऐकवता येत नाही. तुमचं तसं होऊ देऊ नका.

चार. मराठीत लिहा. उर्दूतही लिहा, पण मराठीत नक्की लिहा. मराठी विकिपीडियावर लिहायला पैसे लागत नाहीत, डिग्री लागत नाही. साल आणि नाव पक्कं असेल तेवढंच लिहा. शेजाऱ्याला आपली गोष्ट माहीत नाही अशी तक्रार करायची असेल, तर ती त्याच्या भाषेत, जी आपलीही भाषा आहे, सांगून तरी झाली पाहिजे.

होस्टेलवरच्या त्या दोस्ताला मागच्या दिवाळीत मी गाविलगडावर घेऊन गेलो. दरवाजाशी त्याला फतहुल्लाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, “आम्ही मूळचे कुठले ते मलाही माहीत नाही यार. घरी विचारावं लागेल.” मी म्हणालो, “विचार. आणि रेकॉर्ड कर.”

आज मला कोणी विचारलं तर मी सांगतो, नांदगाव खंडेश्वरचा, पिंजाऱ्याचा नातू. अब्बांनी फोनवर हेच सांगितलं होतं. मला ते समजायला फेसपर्यंत जावं लागलं. तुम्हाला जायची गरज नाही.

येत्या रविवारी आम्ही काही जण गाविलगडाला निघतोय. सकाळी सहाला बसस्टँडसमोर जमायचं. डबा आणि पाणी आपापलं आणा. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवीही आणा. घरातल्या एखाद्या नानीला, आजीला आणलंत, तर तिची जागा पुढच्या सीटवर.